अण्णांची बेल

७ एप्रि.
बेल आज सात वेळा वाजली. अण्णांनी एकदाही बटण दाबलं नव्हतं. पक्षाघातानंतर त्यांना हाक मारता येत नाही, म्हणून मीच केली ही: बटण खाटेवर, बझर स्वयंपाकघरात. बोअरची मोटर सुरू झाली की मेला बोंबलतो. आई तव्यावरची भाकरी टाकून पळते. दादा हसतो. "संगे, तुज्या बेलीत भूत शिरलंय." माझं टाळकं सरकलं.

९ एप्रि.
बझरला जुन्या मोबाइल चार्जरची वीज देत होते, तीच खराब असणार. विजेतले चढउतार गिळायला कपॅसिटर लावला. थोडा फरक. मोटर सुरू झाली की पुन्हा तेच.

१२ एप्रि., रवि.
सापडलं! दादाने माझी बारीक वायर मोटरच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेलीय. चाळीस फूट, अंगाला अंग लावून. मोटरचा झटका माझ्या वायरीत उतरतो, सर्किटला वाटतं बटण दाबलं.
"कावून केलंस?"
"भिंत घाण दिसत व्हती. पाव्हणे येतेत."
पाव्हण्यांना वायर दिसू नये म्हणून! बापापेक्षा भिंत मोठी! नाही नाही ते बोलले.
वायर उपसली. दोन्ही तारा एकमेकींत पिळून वरून, पत्र्याखालून नेली. मोटर दहादा सुरू केली, बझर गप्प. दादाला उभं करून दाखवलं. लई बरं वाटलं.

१५ एप्रि.
बीडहून, कॉलेजात शिकवून आले तर अण्णांच्या कपाळाला पट्टी. दुपारी एकटेच उठायला गेले, पडले. बटण दाबून दाबून शेवटी उठले असणार. आई रडतीय, "मी हितंच व्हते गं. वाजलीच न्हाई."
दादाच्या अंगावर धावून गेले. काय केलंस पुन्हा? त्याने हातही लावला नव्हता.
पत्र्याखालचा जोड सुटलेला. रविवारी नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली होती. डाख द्यायची सोल्डरिंग गन कपाटातच. दादाचं नाक कापायची घाई. उन्हाने टेप सुटली.
माझा जोड. प्रॅक्टिकलला पोरांवर ओरडते मी, टेपवर भागवू नका म्हणून. थू.

१६ एप्रि.
रजा. सगळे जोड सोल्डर केले. दादाने शिडी धरली, एकेक तार वर देत गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचाही राग आला.

२० एप्रि.
चार दिवस बेल स्वतःहून वाजली नाही. मी दाबते, वाजते. मोटर सुरू असताना दाबते, वाजते.
अण्णा दाबत नाहीत. पाणी हवं असलं की चमचा खाटेच्या लोखंडावर आपटतात. आज बटण त्यांच्या मुठीत दिलं. "अण्णा, आता पक्की केलीय. दाबा की एकदा." माझ्याकडे बघत राहिले. मग बटण हळूच उशीखाली सारलं.
आई म्हणाली, "काढून टाक गं ते."
"कुणी हात लावायचा न्हाई!" केवढ्यांदा ओरडले. अण्णा दचकले.
उद्या पुन्हा देणार आहे हातात. नाहीच दाबलं तर परवा पुन्हा देणार.