सहा फुटी मार्लो

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

आजपासून गप्प बसणं बंद.

सकाळी तेजश्रीने (सून. गुणी आहे. कान नाहीत.) फार गोड आवाजात विचारलं, आई, ते मशीन आपण निमगावला ठेवूया का? निमगाव केतकीला माझी नणंद साखरबाई राहते. तिथे जागा म्हणजे कांद्याची खोली. इथे बारामतीत, हॉलच्या त्या कोपऱ्यात हिला शोकेस करायची आहे, चिनीमातीची हरणं ठेवायला.

‘ते मशीन’ म्हणजे माझा रेकॉर्ड प्लेयर. सत्तावन्न साली डोरीन दौंड सोडून ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा जाताना मला देऊन गेली. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. सोबत पाच लहान तबकड्या, सगळ्या एकाच बँडच्या. द ट्वायलाइट फाइव्ह. प्लेयरचा खटका मोडका होता. माझ्या वडिलांनी तो तांब्याच्या तारेने बांधून टाकला. वडील रेल्वेत इंजिन फिटर. त्यांनी बांधलेलं आजवर सुटलेलं नाही.

दुपारी उत्तर दिलं. म्हटलं, मी रेकॉर्ड ऐकवायचा जाहीर कार्यक्रम करते. पंचवीस माणसं शेवटपर्यंत बसली तर प्लेयर हॉलमध्येच राहील. नाही बसली तर खुशाल कांद्यात ठेव.

ती लगेच चालेल म्हणाली. इतकं लगेच म्हणायला नको होतं.

१८ नोव्हेंबर

भाषणाची तयारी सुरू. विषय: गायक मार्लो.

लेबलवर फक्त ‘गायन: एल. मार्लो’ एवढंच आहे. बाकी सगळं मी आवाजावरून ओळखलेलं. एल म्हणजे लॉरेन्स. उंची सहा फूट. एक प्रेमभंग, बहुधा समुद्रकाठी. लेबलवर ४५ आहे, ते वय असावं. इंग्रजी शब्द फारसे कळत नाहीत. दुःखात माणूस शब्द ओढतोच. मात्र ‘हरवलं’ एवढं स्वच्छ ऐकू येतं.

मार्लोमुळे माझं आयुष्य घडलं हे भाषणात सांगावं का? शेजारच्या गार्डसाहेबांचा मुलगा मागणी घालत होता. हसरा, सायकलवर शीळ घालणारा. त्याला मी उथळ म्हणून नाकारला. मग हे बघायला आले. पाणी मिळेल का, एवढंच बोलले, पण काय तो खर्ज! हुबेहूब मार्लो. मी तिथल्या तिथे होकार दिला. लग्नानंतर आठवड्याभरात आवाज वर चढला तेव्हा कळलं, बघायला आले त्या दिवशी ह्यांना सर्दी होती.

चौतीस वर्षं झाली. तक्रार नाही. (थोडी आहे.)

नको सांगायला.

२१ नोव्हेंबर

महिला मंडळाच्या अध्यक्षा द्वारकाबाईंकडे जाऊन आले. विहारामागचा हॉल मिळाला. तारीख पंधरा डिसेंबर. आधीचा रविवार त्या नको म्हणाल्या. सहा तारखेला निम्म्या बायका मुंबईला जाणार, दमून येणार.

त्यांनी विचारलं, भजनाचं आहे का? म्हटलं, नाही, त्याहून गंभीर. मग म्हणाल्या, अगं बाई! भेळ तरी ठेवा लीलाबाई.

तळमळ दिसली.

२४ नोव्हेंबर

साखरबाई एसटीने आली. तिच्यावर प्रयोग करून बघितला. पहिली तबकडी अर्धी झाली आणि तिने विचारलं, वहिनी, ह्यो बाप्या आजारी हाय का? म्हटलं, दुःखी आहे. म्हणाली, मग कुणी च्या तरी पाजा की त्याला. किती येळ कण्हतुय.

दुसऱ्या तबकडीला तिचे डोळे मिटले. तिसरीला मान कलली. तेजश्री स्वयंपाकघरातून म्हणाली, आत्या झोपल्या वाटतं. तल्लीनता म्हणजे काय ते ह्या पिढीला कसं कळावं!

१ डिसेंबर

इंदापूरच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्या सगळ्या सहकाऱ्यांना कार्डं टाकली. इथे घरोघर गेले. एकूण साठ माणसं नक्की.

ह्यांनी यादी वाचली आणि विचारलं, ह्यातले ‘येतो’ किती जण म्हणाले? म्हटलं, चार. पण ‘बघू’ म्हणजे येतो आणि ‘जमलं तर’ म्हणजे नक्की येतो. ह्यांनी विचारलं, मग न यायचं असेल तर माणसाने काय म्हणावं?

ह्यांच्याशी चर्चा करायची नाही असं ठरवलं.

९ डिसेंबर

संकट. सुई घासते आहे. मार्लोला खोकला झाल्यासारखा वाटतो.

रिक्षाने प्लेयर एसटी स्टँडजवळ बुद्धघोषच्या दुकानात नेला. माझाच विद्यार्थी. इंग्रजीत दोनदा नापास, पण रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत हात सोन्याचा. सुई पुण्याहून मागवतो म्हणाला. तबकड्याही ठेवून घेतल्या. मी बजावलं, आवाजाला धक्का लागता कामा नये. म्हणाला, बाई, काळजीच करू नका. नव्यावानी करून थेट हॉलवर आणतो.

१४ डिसेंबर

भाषण चौदा पानांचं झालं. नवव्या पानावर मला रडू येतं. ह्यांना वाचून दाखवलं. छान आहे म्हणाले. मग हळूच विचारलं, तो वारला का गं?

उद्या बारामतीला कान फुटणार. कोवळ्या पालवीसारखे.

१५ डिसेंबर, रात्री आठ

जेवले नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते.

माणसं एकतीस. इंदापूरहून कुणी नाही. एकतीसमध्ये आमच्या घरचे चार आणि भेळवाला धरलेला आहे. भाषण पस्तीस मिनिटं झालं. शेवटी म्हटलं, आता ऐका, एका घायाळ पुरुषाचा आवाज. बुद्धघोषने सुई ठेवली.

एक मुलगी गायला लागली.

सोळा-सतरा वर्षांची असेल. मागे ट्रंपेट उड्या मारत होता. मधेच ती खुदकन हसली. आणि शब्द न् शब्द स्वच्छ! ती सायकलवरून जत्रेला निघाली आहे. समुद्र कुठेच नाही. ‘हरवलं’ आहे, पण हरवली आहे ती टोपी. आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही.

मी बुद्धघोषकडे बघितलं. तो खूश. म्हणाला, बाई, लहान रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेरं घेती, त्यावर लिवल्यालं असतंय. तुमचा खटका तेहतीसवर बांधल्याला. म्हून आवाज जाड आन् रडका येत हुता. म्या नवा खटकाच बसवला. म्हंजी बाई, तुमी इतकी वर्षं... पुढचं त्याने गिळलं. चांगला मुलगा आहे. नापास करायला नको होता.

बायका टाळ्या वाजवत होत्या. द्वारकाबाईंनी पदर खोचून ठेका धरला. साखरबाई मागून ओरडली, वहिनी, बरा झाला गं तुमचा बाप्या! पार पोरगीच झाली त्याची!

पाचही तबकड्या दोनदा वाजल्या. एकही माणूस उठला नाही. घरी येताना तेजश्री म्हणाली, आई, प्लेयर आपल्या हॉलमध्येच राहू दे. मला माहीतच नव्हतं इतकं मस्त आहे.

म्हणजे मी जिंकले.

१६ डिसेंबर

कंपनीची चूक असणार. छापताना ३३ चं ४५ झालं असेल. चुका कुणाकडून होत नाहीत?

आणि समजा, माझी असली. एकोणचाळीस वर्षं एखादी गोष्ट मनापासून चुकीची ऐकली की ती चुकीची राहत नाही. आपली होते. मार्लो होता. सहा फूट होता. माझं लग्न त्याने जमवलं.

निश्चय: ह्या घरात मी स्वतःच्या हाताने पंचेचाळीसवर तबकडी लावणार नाही. कदापि.

२२ डिसेंबर

तेजश्री कणीक मळताना पंचेचाळीसवर लावते. शोकेस रद्द. हरणं टीव्हीवर. द्वारकाबाई विचारून गेल्या, लीलाबाई, ती टोपीवाली स्नेहसंमेलनाला मिळेल का? पोरी नाचवू म्हणते.

‘टोपीवाली’!

मी सांगितलं, मिळेल, पण निवेदन मी करणार आणि लॉरेन्सचा उल्लेख होणार. त्या म्हणाल्या, बघू. म्हणजे होय.

२६ डिसेंबर, दुपारी तीन

तेजश्री शेजारी गेलेली. हे ओट्यावर पेपर वाचत होते. दार लोटून घेतलं. खटका तेहतीसवर केला. सुई ठेवली, डोळे मिटले.

तोच संथपणा. तोच खर्ज. सगळं जागच्या जागी.

मार्लो नाही. एक मुलगी आहे. दमलेली. चढावर सायकल ढकलत, टोपी शोधत चालली आहे.

दुसरी बाजू लावली. तीच. पाचही तबकड्या लावल्या. सगळीकडे तीच.

हे कधी आत येऊन खुर्चीत बसले कळलं नाही. विचारलं, सापडला का?

म्हटलं, नाही.

खुर्ची प्लेयरजवळ ओढली. मग म्हणाले, फार दमलीय गं ती. पंचेचाळीसवर करू का?

म्हटलं, करा. तुमच्या हाताने करा. पण आवाज बारीक ठेवा. तेजश्रीला ऐकू जाईल.