सगळ्यांकडे तो आधी जाऊन आला

४ मार्च, सोमवार

वकील मिळाला! फुकटचा, पण वकील. कोर्टाच्या जिन्याखाली मोफत वकिलांचं ऑफिस आहे, तिथल्या क्लार्कबाईंनी नाव सांगून वर पाठवलं. साहेब व्हरांड्यातून चालता चालताच बोलले, मी मागून जवळजवळ पळतेय. "भिंतीचा वाद तुमचाच ना?" म्हटलं, नाही हो, मुलीचा. नवऱ्याने मला घराबाहेर काढलं आणि पोरीला ठेवून घेतलं. "हो हो, तेच," म्हणाले. तेच काय? भिंत आणि पोर एकच?

असो. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. गुरुवारी कागद घेऊन बोलावलंय. अठ्ठावीसला तारीख आहे. निकाल लागेपर्यंत माझी पोर, भिंगरी, कुणाकडे राहायची ते त्या दिवशी ठरणार. तो तिला त्याच्या बहिणीच्या गावी नेऊन तिथल्या शाळेत घालणार आहे. एकदा तिकडे गेली की वर्ष वर्ष दिसायची नाही मला. हे या घाईसाहेबांच्या कानात कितपत शिरलं कोण जाणे.

आईला आल्या आल्या सांगितलं. तिने देवाला हात जोडले.

५ मार्च

संध्याकाळी नेहमीचा फोन. तो आईच्या फोनवर लावतो. पोरीने आजीशी बोलायचं, आईशी नाही — हा त्याचा कायदा! आई फोन कानापासून जरा लांब धरते आणि मी दाराआड उभी राहून ऐकते. आज पुढचा दात हलतोय म्हणाली. दाखव बघू, म्हणाली आजी, तर बराच वेळ नुसती शांतता. तोंड उघडून बसली असणार फोनसमोर, वेडाबाई.

मग आई फोन घेऊन गॅलरीत गेली. जावयाशी दोन शब्द गोड बोलावेच लागतात म्हणते. मला त्या गोडाची शिसारी येते. पण बोलू दे. त्याच्या मर्जीवर तर सगळं चाललंय.

७ मार्च, गुरुवार

घाईसाहेब आज चक्क उभे राहून बोलले, तेव्हाच मला शंका आली.

"तुमचे मिस्टर काल माझ्याकडे येऊन गेले. सल्ला घेतला, फी दिली. त्यांची बाजू ऐकल्यावर आता मला तुमची घेता येत नाही. नियम आहे."

म्हटलं, त्याला वकील आहे ना! चांगला मोठा. त्या वकिलाचा कोट मी कामाला आहे त्याच दुकानात ड्रायक्लीनला येतो, आतून रेशमी अस्तर. मग तुमच्याकडे कशाला आला? त्यांनी खांदे उडवले आणि भिंतवाल्या माणसामागे निघून गेले.

८ मार्च

दिवसभर कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचल्या. वकिलांचे कोट सोमवारी आणि शुक्रवारी येतात. मोफत काम करणाऱ्यांचे लगेच ओळखता येतात — बाह्या झिजलेल्या, आणि वर विचारतात, उद्याच मिळेल का, दुसरा नाहीये. दोन बोटांना टाचण्या टोचल्या. लक्षच नव्हतं.

१२ मार्च

देवच पावला म्हणायचं. क्लार्कबाईंनी आता बाईवकील दिल्यात. त्यांचं नाव काढलं की कोर्टाबाहेरचा चहावालासुद्धा मान हलवतो. महिन्याला मोजक्याच केसेस घेतात, पण घेतली की तडीस नेतात. शुक्रवारी बोलावलंय. आई म्हणाली, कोण गं बाई, नाव काय, कुठे बसतात? सगळं सांगितलं. तिलाही बिचारीला घोर लागलाय.

१५ मार्च, शुक्रवार

नाही. बाईसुद्धा नाही.

काल तो त्यांच्याकडे येऊन गेला.

बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला तेव्हाच रडू फुटायला हवं होतं, पण मी पाणी पिऊन ग्लास कुठे ठेवू ते शोधत बसले. त्या म्हणाल्या, काही नवरे असं करतात. गावातल्या सगळ्या वकिलांकडे एकेकदा बसून येतात. मग बायकोसाठी कुणी उरतच नाही. इथे घरगुती भांडणं मोफत घेणारे आहेतच किती! सरकार पैसे द्यायला वर्ष लावतं, म्हणून बाकीच्यांनी काम सोडलं.

मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही माझ्याकडे येणार हे माहीत कुणाला होतं?"

१८ मार्च

क्लार्कबाईंशी कडाक्याचं भांडले. त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार? म्हटलं, किती खाल्लेत माझ्या नवऱ्याकडून? त्यांनी डबा झाकला, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, माझं हे ऑफिस जिन्याखाली आहे, वर कोण येतं जातं मला दिसतसुद्धा नाही, मी काय विकणार बाई! डोळे भरले होते त्यांचे. मला शरम वाटली, पण माफी काही मागितली नाही.

मग त्याच म्हणाल्या, आता एकच उरलेत. त्यांचं नाव ऐकून माझं तोंड उतरलं. त्यांना सगळे जांभई म्हणतात. तारखेला उभे राहतात, जांभई देतात, आणि पुढची तारीख मागतात. आगीतून फुफाट्यात! पण फुफाटा तरी आहे.

१९ मार्च

जांभईंकडे गेले. आत शिरले तेव्हा डोळे मिटून बसले होते. मी बोलत राहिले, ते जांभया देत राहिले. पण तो सगळ्या वकिलांकडे फिरतोय म्हटल्यावर डोळे उघडले. "असं करतोय? मग हे मी न्यायाधीशांना सांगेन," म्हणाले. फार काही हुशार वाटले नाहीत, पण एवढं म्हणाले.

अडचण एकच. जिन्याखालच्या ऑफिसचं नेमणुकीचं पत्र आल्याशिवाय त्यांना माझी केस अंगावर घेता येत नाही, आणि सही करणारे साहेब रजेवर. मंगळवारी, सव्वीसला, सकाळी या म्हणाले. एकदा वकीलपत्रावर सही झाली की नवरा येवो नाहीतर त्याचा बाप येवो. तोवर भिंतीलासुद्धा सांगू नका.

म्हणून आईलाही फक्त एवढंच सांगितलं की एक जण मिळालाय. नाव नाही सांगितलं. तिने विचारलं होतं.

२० मार्च

लिहू की नको कळत नाही. लिहिलं नाही तर फुटेन.

संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. आई पाठमोरी, फोन कानाला. "मिळालाय म्हणे कुणीतरी. नाव नाही हो सांगितलं तिने. विचारते उद्या."

माझ्या हातात तिचंच पातळ होतं.

मी ओरडले नाही. फोन ठेवेपर्यंत थांबले. ती वळली आणि मला बघून तिने फोन पदराखाली घेतला. म्हणाली, पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं — ती कुठे जाते ते मला कळत राहिलं तर पोर रोज बोलेल, नाहीतर आवाज विसरा. "वकील काय गं, आज नाही तर उद्या मिळेल. पोरीचा आवाज बंद झाला असता तर तू जगली असतीस का?"

मी म्हटलं, तू माझे वकील विकलेस.

ती म्हणाली, "दाराआड उभी राहून ऐकत तूच होतीस ना?"

घरचा भेदी कोण म्हणायचा मग? तिने नाव द्यायचं आणि मी ऐकायचं. दात हलतोय हे मला बाईवकिलांच्या बदल्यात समजलं की घाईसाहेबांच्या?

२१ मार्च

दोघींनी ठरवलं, काही सांगायचं नाही. सकाळी आईने स्वतःहून माझा डबा भरला. संध्याकाळी फोन आला, आई म्हणाली, सांगत नाही हो ती काही. त्याने भिंगरीला न देताच ठेवून दिला.

२२ मार्च

फोन नाही. आपण लावला तर उचलत नाही.

आई जेवली नाही. मीही तिला जेव म्हटलं नाही.

२३ मार्च

शनिवारची सकाळची शाळा, म्हणून सकाळीच दुकानातून निघून शाळेवर गेले. मधल्या सुट्टीत फाटकाला नाक लावून उभी राहिले. सगळ्या पोरी दिसल्या, ही नाही. शाळेतल्या मावशी ओळखीच्या आहेत. म्हणाल्या, ताप आहे म्हणे, दोन दिवस आली नाही.

तिथून तडक त्या घरी. दार सासूबाईंनी उघडलं नाही, आतूनच म्हणाल्या, तो घरी नाही, कुणाला आत घ्यायचं नाही. मी बाहेरून भिंगरी, भिंगरी अशा हाका मारल्या. शेजारचे बाहेर आले. ती काही आली नाही. पोलिसांत गेले तर म्हणाले, बापाकडेच आहे ना, मग हरवली कुठे?

आईला सांगितलं. ती म्हणाली, तापात तिला कपाळावर हात लागतो गं. मला माहीत नाही का? मीच लावलीये ती सवय.

२४ मार्च, रविवार

फोन नाही. किती ताप आहे, डॉक्टरला दाखवलं का, काही खातेय का — इतकंच कुणीतरी सांगावं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे बसायलाही जागा नाही. आई मधूनच फोन उचलून बघते, चालू आहे ना. मग पुसून परत ठेवते. परवा सही. फक्त परवापर्यंत दम धरायचा आहे. स्वतःला सकाळपासून हेच सांगतेय.

२५ मार्च, सोमवार

आईने नाही, मीच लावला फोन. त्याला जांभईंचं नाव सांगितलं. खरं नाव. आत्ताच गेलास तर भेटतील, हेही मीच सांगितलं.

मग त्याने भिंगरीला दिला. पहिल्यांदाच, मला. ताप उतरलाय, घसा बसलाय. दात पडला, तो तिने माझ्यासाठी ठेवलाय. मला म्हणाली, तू घ्यायला कधी येणार?

मी म्हटलं, तारखेला.