काटा थांबला नाही

नाशिक. नोव्हेंबर १९८४, मंगळवार संध्याकाळ

येवल्याहून एसटीने आलो. जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढे तोच काटा.

गेल्या वर्षी याच रस्त्याची ताकद मोजायचं काम माझ्याकडे होतं. वाळूने भरलेला ट्रक उभा करायचा, मागच्या जोडचाकांमध्ये लांब दांडा सरकवायचा, मग ट्रक हळू पुढे न्यायचा. वजन गेलं की दबलेला रस्ता वर येतो, तबकडीवरचा काटा फिरतो आणि थांबतो. रस्त्याकडेच्या एका बाभळीजवळ तो थांबेचना. ट्रक लांब गेला तरी सरकतच होता, खाली कुणी श्वास घेत असल्यासारखा.

"साहेब, इथं जुनी विहीर बुजवलीय म्हणत्यात," ट्रकवाले सलीमभाई म्हणाले. "परत एकदा बघा ना."

मी वैतागलो. ऊन मी म्हणत होतं. तबकडीच बिघडलीय म्हणालो, दांडा दहा पावलं पुढे लावला आणि तिथला चांगला आकडा वहीत बाभळीच्या खुणेपुढे लिहून टाकला. तबकडी बिघडली होती, तर दहा पावलांवर काटा नीट कसा थांबला? हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतंच.

आज तिथे साधी भेगही नाही. रस्ता कसा गुळगुळीत. तरी बाभूळ दिसली आणि मी दोन्ही पाय वर उचलून धरले.

शेजारच्या सीटवरच्या बाई दचकल्या. "काय झालं भाऊ? खाली काय हाय का?"

"काही नाही," म्हणालो.

गाडी खच्चून भरली होती. पाय उचलले ते मी एकट्यानेच.