मागच्या दोन स्प्रिंगा

रविवार, १४ तारीख

जावईबापूंस आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, माझं लेथ मशीन खोकत का होईना पण चालतं. जिन्यावरून पडून तुमच्या उजव्या हाताची बोटं मोडली, पत्र शेजाऱ्याकडून लिहून घ्यावं लागलं, हे वाचलं. जपा.

पत्रात पानभर गाडी आणि शेवटी एक ओळ, "हिला गाडीसकट धाडा, पुढची शर्यत तोंडावर आलीय." म्हणून मीही आधी गाडीचंच लिहितो.

पोरीनं येताना बरोबर आणलेली तुमची गाडी उघडून बघितली. रिमोटवर पळणारी एवढीशी गाडी, पण तिची खोड लगेच कळते. सुटताना मागून खाली दबते म्हणून मागच्या स्प्रिंगा तुम्ही कडक घातल्यात ना? अहो, पुढच्या मऊ आणि मागच्या दगडासारख्या, मग वळणावर मागची चाकं जमीन धरतील कशी? शेपूट फिरली आणि सगळ्या मैदानादेखत गाडी उताणी पडली. पोरीनं आधीच सांगितलं होतं. ती गाडी वीतभर उचलून टेबलावर सोडते. नाक आणि शेपूट एकदम दबून एकदम वर आली, तरच ती गाडी मैदानात नेऊ देते. लग्नाआधी माझ्याच लेथवर तार वळून ती स्प्रिंगा करायची. तुम्ही जिंकलात ते तिच्या जिवावर. ह्या वेळी मात्र म्हणालात, "मला अक्कल शिकवू नकोस."

हरलात त्याच संध्याकाळी तीसुद्धा जिन्यावरून पडली. आईला तिनं तसंच सांगितलं. जबडा सुजलेला, पुढचा दात गेलेला, मानेवर बोटांचे वळ. मी म्हटलं, कमाल आहे बुवा ह्या जिन्याची! नवऱ्याला पाडतो, बायकोला पाडतो, वर गळाही धरतो.

आता अहोजाहो पुरे. जीभ वळत नाही माझी.

"तुझ्या पुढच्या स्प्रिंगांनी घात केला" म्हणत तू तिला केसाला धरून टेबलावर आपटलंस. दात तिथंच पडला. मग डाव्या हातानं गळा आवळलास, उजवा टेबलावर रोवलास, आणि तिच्या हाती हातोडी लागली. पहिल्या घावाला तू तिला सोडलंस. दुसरा तिनं रागानं घातला. हे सगळं तिनं काल सांगितलं, भाजी निवडत, डोळ्यांत टिपूस नाही. रडलो मी. लहानपणी मुंगी दिसली तरी पाय उचलून जाणारी पोर ही! तिच्या हातून तू हे करवलंस, म्हणून तुझा गळा घोटावासा वाटतो. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या घावाचं ऐकून मला बरंही वाटलं. डावा हात सुटला ह्याचीच हळहळ आहे.

तुझी सासू म्हणाली, "भांड्याला भांडं लागायचंच, जाऊ दे तिला परत." मी म्हटलं, भांड्याला भांडं लागलं तर आवाज होतो, दात पडत नाहीत. तेव्हापासून तीच पोरीला चमच्यानं पेज भरवते आणि तोंड फिरवून डोळे पुसते.

मी पोरीला एवढंच विचारलं, "जायचंय का?" ती उठली, गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा काढून खिशात घातल्या आणि लेथवर नवी तार चढवली. पुढच्या शर्यतीत ती स्वतःची गाडी घेऊन उतरणार आहे. तुझी बोटं तोवर जुळली तर भेट होईलच, शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत.

गाडी तुझी, ती खोक्यात घालून ह्या पत्राबरोबर पाठवतोय. मागच्या कडक स्प्रिंगा तुझ्या, त्यांना हात लावलेला नाही. पुढून ती आता जमिनीला घासते, त्याला माझा इलाज नाही.

पोरीला न्यायला येऊ नकोस. आलासच तर ध्यानात ठेव, जिना आमच्याही घराला आहे, आणि वरच्या पायरीवर मी उभा असेन.

तुझा कुणीही नसलेला,
तिचा बाप