जाण्यापुरती बॅटरी

प्रिय टोकू,

पत्र पाहून घाबरू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझी आई वाचनालयात कामावर गेली आहे, सहापर्यंत येत नाही, आणि मी जेवणाच्या टेबलावर तिचंच पेन घेऊन बसलो आहे. फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुलाही माहीत आहे. तू विचारतेस, बाबा, बरे आहात ना. मी म्हणतो, हो, आईला देतो. चार वर्षांत आपण याच्यापुढे एक वाक्यही गेलेलो नाही. कागदावर लिहिलं म्हणजे मला मध्येच आईकडे पळ काढता येणार नाही.

बातमी अशी की आपण विजेवर चालणारी गाडी घेतली. आईने तुला सांगितलं असणारच, पण तिने फक्त रंग सांगितला असेल, आणि तोही नाक मुरडून. तिला निळी हवी होती, मिळाली पांढरी. बाकी सगळं माझ्याकडून ऐक, कारण ही गाडी मी निवडली आहे आणि अशी निवडली आहे की आपल्या गल्लीत आजवर कोणी काही निवडलं नसेल. फुशारकी मारतो आहे असं वाटलं तर वाटू दे. तेवढा हक्क मला आहे.

जुनी गाडी सतरा वर्षांची झाली होती. मेकॅनिकने बॉनेट उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बॉनेट बंद केलं, तेव्हाच मी काय ते समजलो. समोरचे दाताचे डॉक्टर त्याच संध्याकाळी सल्ला द्यायला हजर. त्यांच्याकडे विजेची भलीमोठी गाडी आहे. तिच्यात बसताना त्यांना वर चढावं लागतं आणि उतरताना उडी मारावी लागते. त्यांचं एकच पालुपद: बॅटरी मोठ्यात मोठी घ्या, साहेब, रस्त्यात बंद पडलात तर ढकलायला कोण येणार. ऑफिसातही तेच, आईच्या वाचनालयातही तेच. एकानेही मला हे विचारलं नाही की तुम्ही रोज जाता कुठे.

आता चाळीस वर्षं जमिनी मोजलेल्या माणसाला कोणी अंदाजाने गाडी घ्यायला सांगावं? मी एक वही केली. तीस दिवस, गाडी सुरू करताना एक आकडा आणि बंद करताना एक आकडा. घर ते ऑफिस नऊ किलोमीटर. आईला वाचनालयात सोडायला वाट वाकडी करून तीन. मोजणीचं काम असेल तर शेताच्या बांधापर्यंत. बाजार, दवाखाना, आईच्या मैत्रिणीकडे जाताना नेमका चुकणारा रस्ता, सगळं धरलं. सगळ्यात कमी अकरा किलोमीटर, सगळ्यात जास्त चौसष्ट, सरासरी अडतीस. वही डॉक्टरांना दाखवली तर म्हणाले, तरीपण.

मग शोरूम. पहिल्या गाडीत माझी मोजणीच्या यंत्राची तिपाई मागे मावेना. तिथल्या माणसाने ती तिरकी घालून पाहिली, उभी घालून पाहिली, शेवटी म्हणाला, काका, तिपाई बदलता येणार नाही का? मी टेप गुंडाळून बाहेर पडलो. दुसऱ्या गाडीत एकही बटण नाही, सगळं पडद्यावर. वारा तोंडावर येतोय तो खाली करायचा तर रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर तीन वेळा बोट मारायचं. आईने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा गाणी सुरू झाली. तिसऱ्या शोरूममधली मुलगी मात्र गुणाची निघाली. मी टेप काढला तर हसली नाही, उलट दुसरं टोक धरलं. सीटची उंची आईच्या गुडघ्यांना बरोबर, तिपाई आडवी मावते, आणि वाऱ्याला साधं फिरवायचं बटण. कंपनी म्हणत होती लहान बॅटरीवर तीनशे पंधरा किलोमीटर जाते. मी म्हटलं, कंपनी काहीही म्हणेल, अर्धा दिवस गाडी द्या. एसी लावून, आईला शेजारी बसवून, मागे सगळं सामान घालून चढाच्या रस्त्याने तेवीस किलोमीटर गेलो आणि त्याच रस्त्याने परत आलो. शेचाळीस किलोमीटरला वीस टक्के बॅटरी. म्हणजे खरे दोनशे तीस. मुलीने तो आकडा आपल्या डायरीत लिहून घेतला. मला फार बरं वाटलं.

त्या फेरीत तुझी आई एक बोलली, ते तुला सांगायला हवं. परतताना आम्ही शोरूमच्या दारात थांबलो, गाडीचा आवाज मुळीच नाही, आणि ती म्हणाली, आता लेकीच्या दारात इंजिन चालू ठेवून बसायची तुमची सोय गेली. एवढंच बोलून ती खाली उतरली.

तिने चार वर्षं या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. दर दोन महिन्यांनी मी तिला एकशे अडुसष्ट किलोमीटर घेऊन येतो, तुझ्या वर्कशॉपच्या फाटकाशी उतरवतो, इंजिन चालू ठेवतो. तू बाहेर येतेस, खिडकीतून पाण्याची बाटली आत देतेस. मी म्हणतो, ठीक? तू म्हणतेस, ठीक. मग मी गावाबाहेरच्या पेट्रोलपंपाशी झाडाखाली गाडी लावून चार वाजेपर्यंत पेपर वाचतो. तुला वाटत असेल मला तिकडे कुणाकडे काम असतं. काही काम नसतं गं. एकदा तर तोच पेपर तीन वेळा वाचला, जाहिरातींसकट.

असो. गाडी ठरली, पण बॅटरी लहान की मोठी ते ठरेना. लहान बॅटरी रोजच्या अडतीस किलोमीटरला भरपूर होती, पण तुझ्याकडे जाऊन त्याच दिवशी परत यायला पुरणारी नव्हती. मोठी घेतली तर तीनशे छत्तीसचा येण्याजाण्याचा हिशेब सहज बसत होता. मी मोठीकडे झुकलो होतो. सोयीचं होतं ना. आजवर जसं चाललं तसंच पुढे चाललं असतं.

त्याच आठवड्यात शोरूमने घरचं वायरिंग बघायला एक वायरमन पाठवला. चाळिशीचा असेल, पोट सुटलेलं, बोलायला मोकळा. मीटरपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत त्याने टेपने अंतर मोजलं, सतरा मीटर चाळीस सेंटिमीटर. मी म्हटलं झालं. तर तो उठला, पलीकडे गेला आणि त्या टोकापासून पुन्हा मोजत आला. पुन्हा सतरा चाळीस. दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. टोकू, माझ्या हाताखाली एवढी माणसं येऊन गेली, पण ओरडल्याशिवाय दोनदा मोजणारं मी एकच पाहिलं होतं. मी त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं? तो म्हणाला, आमच्या ताईंनी, आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. गाड्यांचे चार्जिंग पॉइंट बसवायचं पंधरा दिवसांचं शिक्षण घेतलं की प्रत्येकाला मिळतं म्हणे.

पहिली ओळ वाचली आणि मी पायरीवर बसलो. माप दोन्ही टोकांनी घ्या. दोन्ही आकडे लिहा. जुळले नाहीत तर पुन्हा घ्या, सोयीचा आकडा निवडू नका.

हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. ते मी एका बांधावर उभं राहून तुला रागावताना बोललो होतो. तू अकरा वर्षांची होतीस, टेपचं टोक धरायला माझ्याबरोबर यायचीस, म्हणून तर तुझं नाव टोकू पडलं. त्या दिवशी उन्हाला कंटाळून तू दुसरं माप घेतलंच नाहीस, पहिलाच आकडा दोनदा लिहिलास. मी पकडलं, तू रडलीस, आणि पुन्हा कधी तसं केलं नाहीस. मला वाटलं होतं तू ते विसरली असशील.

वायरमनला बोलताना थांबवणं शक्य नव्हतं. ताई डावखुऱ्या आहेत, पेन्सिल कानावर ठेवतात, वर्गात तीस पुरुष असतात पण चूक झाली तर भल्याभल्यांना शिडीवरून खाली उतरवतात. अर्थिंग स्वतः मोजल्याशिवाय कुणाचंही काम पास करत नाहीत. एका मोठ्या बिल्डिंगच्या मालकाने चालढकल केली तर त्यांनी त्याला सरळ सांगितलं, सही करणार नाही. तो सांगत होता आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. मी विचारलं, ताईंचं आडनाव काय? तो म्हणाला, ते त्या सांगत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, कामाला आडनाव लागत नाही.

मला माहीत होतं तू ते का सांगत नाहीस. माझ्या ऑफिसातली खुर्ची सोडून तू वायरमनचं काम धरलंस, त्या दिवशी मी म्हणालो होतो की लोकांच्या घरी शिडीवर चढून दिवे लावायचे तर खुशाल लाव, पण तिथे माझं नाव सांगू नकोस. रागात बोललो, असं म्हणून मला सुटायचं नाही. मी ते ठरवून बोललो होतो. तुला लागावं म्हणून बोललो होतो. आणि तू अक्षरशः पाळलंस. माझं नाव कुठे सांगितलं नाहीस. माझं वाक्य मात्र तीसतीस माणसांच्या खिशात घालून गावोगाव पाठवलंस.

मी वायरमनला म्हणालो, ती माझी मुलगी आहे. आडनाव सांगितलं. मोठ्याने सांगितलं, समोर डॉक्टर झाडांना पाणी घालत होते त्यांनाही ऐकू जाईल असं. वायरमन उठून उभाच राहिला. मग तो चहा झाल्यावरही जाईना. ताईंचं घर म्हणून त्याने माळ्यापासून मोरीपर्यंत सगळं तपासलं आणि आपल्या घरचं अर्थिंग नावापुरतंच आहे असा निकाल दिला. वायरमन ताईंच्याच घरी ही अवस्था, असं तो पुटपुटला. तेव्हापासून मी भेटेल त्याला तुझ्याबद्दल सांगत सुटलो आहे. भाजीवाल्याला सांगितलं, बँकेतल्या कॅशियरला सांगितलं. शोरूमच्या मुलीला दोनदा सांगितलं. पोरी, मला तुझा अभिमान वाटतो. आजवर तो मनातल्या मनातसुद्धा कबूल केला नव्हता, आता तो माझ्याच्याने आवरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूम उघडायच्या आधी मी दारात होतो. लहान बॅटरीची गाडी नोंदवली. मुलीने समजावलं, काका, तुम्ही लेकीकडे जाता म्हणालात ना, यात फक्त जाण्यापुरतं होईल, त्याच दिवशी येणं व्हायचं नाही. मी म्हटलं, माहीत आहे. तिने नकाशावर हायवेचं जलद चार्जिंग दाखवलं, अर्ध्या तासात काम होतं म्हणाली. मी मान डोलावली आणि चष्मा खिशात ठेवला. घरी आईला आणि डॉक्टरांना वही दाखवली, सरासरी अडतीस, वायफळ वजन कशाला ओढायचं. डॉक्टर अजून म्हणतात की म्हाताऱ्याची फसगत झाली. गाडी येऊन आठ दिवस झाले, रोज ती उत्तम चालते, आणि खरं कारण मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

ते असं आहे. रविवारी सकाळी सातला आम्ही निघतो. अकराला तुझ्या दारात पोहोचू तेव्हा गाडीत परतीपुरतं काही उरलेलं नसेल. घरच्या साध्या प्लगवर ती भरायला सात तास लागतात, म्हणजे संध्याकाळचे सहा होतात, आणि डॉक्टरांनी मला अंधारात गाडी चालवायला बंदी केली आहे. दाताच्या नव्हे, डोळ्यांच्या. म्हणजे मला रात्रभर तुझ्याकडे राहावं लागेल. मला नुसतं येऊ का म्हणून विचारता आलं नसतं, चार वर्षं तेच तर जमलं नाही, म्हणून मी अशी गाडी घेतली की विचारावंच लागेल. तर विचारतो. तुझ्या फाटकाच्या आत मला एक प्लग देशील का?

तुझाच, दारात गाडी बंद करून येणारा,
बाबा