कोऱ्या मशीनवर

बाबा, घरी आपण कोंकणी बोलायचो आणि मी तुम्हाला तूं म्हणायचे. लिहायचं मात्र मराठीत, हा घरचा रिवाज. मराठीत लिहिलं की 'तुम्ही' येतं. मला ते सोयीचं आहे.

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात तुमचा संगणकाचा क्लास होता. तिथे तुम्ही मला लिनक्स या मोफत संगणकप्रणालीसाठी पॅकेज बांधायला शिकवलंत. कोणीतरी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला प्रोग्राम घ्यायचा, त्याला चालायला जे जे लागतं ते नावानिशी सांगायचं, आणि कुठल्याही अनोळखी मशीनवर तो एका हुकमात बसेल असा करायचा. माझं पहिलं पॅकेज एका छोट्या दिनदर्शिकेचं. मी ते तुमच्यासमोर चालवून दाखवते. डिचोली-मयेची सात-आठ मुलं मागे उभी. तुम्ही तेच पॅकेज बाजूच्या मशीनवर घालता आणि तिथे ते पडतं, चालतच नाही. एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा दुसऱ्याचा तयार कोड, माझ्या मशीनवर आधीपासून होती, म्हणून ती सांगायची राहिली.

"हें तुज्या मशिनार चलता," तुम्ही म्हणालात. "लोकांगेर कोण चलयतलो? तुजो बापूय?"

बाप समोरच उभा होता; मुलं हसली. मग तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात आणि मला दहावीच्या निकालानंतर तुम्हीच दिलेला संगणक पुसून कोरा केलात. त्यात दोन वर्षांच्या माझ्या कथा होत्या. तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्ही त्या वाचून आईला चेष्टेने म्हणून दाखवल्या होत्या. "आतां तुजें मशीन लोकांच्या मशिनासारकें जालें. कर परत."

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई पावाबरोबर पातळभाजी वाढते. ती माझ्या लिखाणाबद्दल हळू म्हणते, "तिचें सगळें बरयल्लें आशिल्लें तातूंत." तुम्ही पाव मोडता. "बरें जालें. परत बरयतली." मग माझ्याकडे न बघता, "खाता जाल्यार बस. रडटा जाल्यार भायर वच."

मी बसले, खाल्लं. कथा पुन्हा लिहिल्या नाहीत. पॅकेज पुन्हा बांधलं आणि त्यानंतर माझं एकही पॅकेज दुसऱ्याच्या मशीनवर पडलं नाही. तुम्ही चांगलं शिकवलंत, हे मी नाकारत नाही.

आता मी त्याच लिनक्सच्या स्वयंसेवकांत आहे. नवी आवृत्ती निघण्याआधी सगळी पॅकेजं कोऱ्या मशीनवर नव्याने बांधून बघतात; जी बांधली जात नाहीत ती काढून टाकतात. काढायची की ठेवायची, ते आम्ही दोघं-तिघं बघतो. या महिन्यात तुमचं आलं. देवनागरी टंकलेखन शिकवणारा तुमचा प्रोग्राम, तुम्ही स्वतः लिहून स्वतः बांधलेला, तुम्ही गेल्यावर तुमचं नाव जिथे अजून उरलं आहे अशी एकच जागा. एक लायब्ररी तुम्ही सांगितलेलीच नव्हती. इतकी वर्षं ती दुसऱ्या कुठल्यातरी पॅकेजबरोबर आपोआप येत होती. यंदा ते पॅकेज बदललं, आणि तुमचं पडलं.

नियमाप्रमाणे तुम्हाला ईमेल गेली, परत आली. मग सर्वांना विचारलं गेलं, या माणसाला कोणी ओळखतं का. लग्नानंतर माझं आडनाव वेगळं आहे. मी सर्वांच्या आधी उत्तर दिलं: नाही. एका शाळेच्या बाईंनी लिहिलं, आमची मुलं यावरच टाईप करायला शिकतात, काढू नका. त्यांना मी नियम कळवला आणि दुसऱ्या एका प्रोग्रामचं नाव दिलं. तो तुमच्याइतका चांगला नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे: त्या राहिलेल्या लायब्ररीचं नाव. मी ती लिहिली, तपासली. पॅकेज बांधलं गेलं. सोमवारपर्यंत पाठवता येईल. पाठवणार नाही.

हे कोणालातरी सांगावंसं वाटलं. नवऱ्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, जुना प्रोग्राम आहे, जाऊ दे. त्या एका ओळीत काय आहे हे ज्याला लगेच कळलं असतं, असा माणूस मला तुमच्याशिवाय आठवला नाही.