तीन पिढ्यांचं घर

चौबे कॉलोनी, रायपूर
३ नोव्हेंबर २००६

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते.

ज्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तिला शहर राजधानी झाल्यापासून जगाशी नातं जोडायची घाई झाली आहे. नॉर्वेच्या एका शाळेशी मैत्री केली आहे. मुलींना परक्यांची संस्कृती कळावी आणि परक्यांना आपली, असं परिपत्रकात छापलंय. म्हणजे पाहुण्यांसमोर आमच्या मुली मोरपिसं लावून नाचणार.

त्यांतली इंग्रिड नावाची सोळा वर्षांची मुलगी आठ दिवसांसाठी मी घरी मागितली आहे. मागच्या खोलीला रंग दिला. पण पाहुणी फक्त तीन पिढ्यांच्या घरात देणार, असा नियम निघाला. तेव्हा अर्जात, इथंच राहतात म्हणून, भाऊ म्हणून तुझं, भावजय म्हणून गोदावरीचं आणि तुझ्या नातीचं नाव घातलं; मधली पिढी नोकरीला परगावी आहे, असंही लिहिलं. नन्सच्या हाताखाली वाढून अडुसष्टाव्या वर्षी मी खोटं लिहिलं. ते खरं करायला तुम्ही तिघं वीस तारखेच्या आत या. शाळेची समिती घर बघायला येणार आहे.

लोभ वाढव, निदान डिसेंबरपर्यंत.

तुझी
क्षमाताई

नागपूर
११ नोव्हेंबर

ती. क्षमाताईस श्यामचा सा. न.

पत्र ऐकून गोदावरी हसली, मग चिडली. म्हणते, इतक्या वर्षांत दिवाळीले या म्हणून ताईंनी कधी लिहिलं नाही, आता विदेशी पोट्टी येऊन राहिली तर आम्ही आठवलो. तू लिहिलं असतंस तरी आम्ही आलो नसतो, हे मले ठाऊक आहे.

नातीची, शर्मिष्ठाची, परीक्षा आहे. माझा गुडघा गाडीत चढू देत नाही. तू काहून असं लिहिलं, ताई? खरं सांगून टाक. एकटीचं घर दाखवायला लाज कसली?

रागावलीस तरी पत्र पाठव. माया राहू दे.

तुझा
श्याम

रायपूर
७ डिसेंबर

चि. श्याम यास आशीर्वाद.

समितीच्या दोन्ही बाया माझ्याच विद्यार्थिनी. घरातली माणसं कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. नागपुरात आहेत आणि येणार नाहीत, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्यादेखत अर्जावर रेघ मारली. इंग्रिड गेली एका ट्रस्टीच्या बंगल्यावर. त्याचा सिलतऱ्याला कारखाना आहे.

तिसऱ्या दिवशी त्या ट्रस्टीची बायको माझ्या दारात. तिची सासू रुसून थोरल्या मुलाकडे गेली होती, बोलावून येईना, आणि इंग्रिड तर आजी कुठे म्हणून विचारत होती. घर में दादी तो चाहिए ना मॅडम, असं ती अगदी सरळपणे म्हणाली. रोज पाचला गाडी पाठवीन म्हणाली. मी भाड्यानं मिळत नाही, असं मी तिला सुनावलं.

दुसऱ्या दिवशी पाचला मी तयार होते.

पाच संध्याकाळी मी तिथे दादीजी झाले. फोटो निघताना त्यांची मुलं माझ्या पाया पडायची. इंग्रिडला आपली कोथिंबिरीची सांबारवडी करायला शिकवली. तिच्या वड्या तेलात फुटायच्या आणि ती खो खो हसायची. शेवटच्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, एवढ्या माणसांत तुम्हाला एकटं बसायला कधी मिळतं. खरं सांगावंसं वाटलं, श्याम. पण तिनं माझा हात धरला होता, म्हणून नाही सांगितलं. सवय होते, असं म्हणाले.

परवा ती गेली. काल पाच वाजता मी साडी बदलून ओट्यावर बसले. गाडी येणार नाही हे मला माहीत होतं. डास फारच चावायला लागले तेव्हा आत आले.

हे गोदावरीला वाचून दाखवू नकोस. तुझा लोभ आहे तेवढा पुरे, मी त्यात भागवीन.

तुझी
क्षमाताई